मांडव, पंगत आणि पानसुपारी

महाराष्ट्रातले लग्न पूर्वापार घराबाहेरच लागत आले. दोन-तीन खणांच्या घरात दोन्हीकडची माणसे मावणे शक्यच नव्हते. त्यामुळे अंगण, खळे, देवळापुढची मोकळी जागा, गावाशेजारची आमराई यांतले जे हाताशी असेल तिथे कार्य उरकले जाई. शामियाना, कनाती, गालिचे ही सरदार-जहागीरदारांच्या घरची गोष्ट. कुणब्याच्या लग्नात डोक्यावर छप्पर असे ते पानांचे, आणि तेही पाने वाळून झडेपर्यंतच. आज कमी खर्चात, तंबू न घालता मोकळ्यावर समारंभ करण्याची जी कल्पना नवी म्हणून मांडली जाते, ती इथली फार जुनी वहिवाट आहे. ती मोडली कशी आणि पुन्हा निराळ्या रूपात आली कशी, याचा इतिहास मात्र सरळ नाही.

उघड्यावरचे लग्न शक्य होते ते आधी पंचांगामुळे. कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होत आणि आषाढात चातुर्मास लागण्यापूर्वी ते संपत. म्हणजे पावसाचे चार महिने आपोआप वगळले जात. धर्माने घातलेले हे बंधन शेतीच्याही सोयीचे होते. खरिपाचे धान्य घरात आलेले, बैल मोकळे, खळी सारवून तयार, वाटा वाळलेल्या, नाले कोरडे. वऱ्हाड बैलगाड्यांतून यायचे तर याच दिवसांत येऊ शकत होते. पाऊस नसल्यामुळे छपराला पाणी अडवण्याचे काम उरत नसे. अडवायचे ते फक्त ऊन. वैशाखातल्या उन्हावर आणखी एक बिनखर्ची उतारा होता, तो म्हणजे गोरज मुहूर्त. गुरे रानातून परतण्याच्या वेळी, सूर्य कलल्यावर अक्षता टाकल्या की सावलीची गरजच उरत नाही. मुहूर्ताला धार्मिक अर्थ आहेच, पण उन्हाळ्यात शेकडो माणसे उघड्यावर बसवणाऱ्या यजमानाला तो सोयीचाही होता.

कोकणात तर लग्नासाठी वेगळा मांडव घालावा लागत नसे. पावसाळा सरला की अंगण चोपून, सारवून घ्यायचे, पोफळीचे खांब उभे करायचे, वर बांबूंची चौकट बांधायची आणि माडाची विणलेली झापे पसरायची, हा तिथल्या घराघरातला दरवर्षीचा उद्योग. त्या मांडवाखाली सुपारी सोलणे, आंब्या-फणसाची उस्तवार, दुपारची झोप, पोरांचा अभ्यास असे सगळे चाले. घरात कार्य निघाले की त्याच मांडवाला आंब्याचे टाळे आणि झेंडूच्या माळा लागत, केळीचे खुंट उभे राहत. मृगाआधी झापे उतरवून चुलीत जात, वासे माळ्यावर. दक्षिण कोकणात आणि गोव्यात त्यालाच माटव म्हणतात.

देशावर झापे नाहीत, म्हणून तिथे डहाळे. लग्नाच्या आदल्या दिवशी किंवा त्याच्या आधी गाडी जुंपून रानात जायचे, जांभूळ, आंबा, उंबर यांच्या पानभरल्या फांद्या तोडून आणायच्या, वाजतगाजत दारात उतरवायच्या. हे मांडवडहाळे. जांभळीला पसंती असण्याचे कारण उघड आहे: पान दाट, भर उन्हाळ्यात हिरवे आणि तोडल्यावर लवकर गळत नाही. लिंबाचा पाला बारीक, तो सावलीला कमी पडतो. मेढी पुरायला वाव-दीड वावाचे सरळ लाकूड, आडव्याला बांबू किंवा वासे, बांधायला घायपाताचा किंवा अंबाडीचा दोर. एखादी मेढ दुबेळक्याची, म्हणजे टोकाशी दोन फाटे असलेली मिळाली तर उत्तम, कारण आडवे लाकूड दोराविना त्यात बसते. पहिली मेढ मुहूर्त पाहून पुरली जाई, ती मुहूर्तमेढ. कुळाचे देवक म्हणून जी पालवी असेल तीही इथेच बांधली जाई. वधूवरांसाठी मातीचे बोहले घालून त्याला चुना किंवा गेरू लावीत. कार्य झाल्यावर काही दिवसांनी मांडव परतण्याचा छोटा विधी करून सगळे मोडत. लाकूड पुन्हा गोठ्याला, दोर पुन्हा मोटेला किंवा गाडीला, पाला खताला. वाया जाण्यासारखे त्यात काही नव्हते.

बसण्याची सोयही अशीच. पाहुण्यांना घोंगड्या, जाजम किंवा गोणपाट, मानकऱ्यांना पाट. जेवणाची पंगत मांडवाबाहेरही पसरे, वाड्याच्या भिंतीची किंवा चिंचेची सावली धरून. जागा आदल्या दिवशी शेणाने सारवलेली असली की धूळ उडत नाही. पंगतीत ओळी आखताना दोन ओळींत वाढप्याला चालता येईल एवढी वाट सोडावी लागते, आणि दोन ओळी समोरासमोर बसवल्या की एकच वाढपी दोन्ही बाजूंना वाढू शकतो. पत्रावळी पळसाच्या किंवा वडाच्या, कोकणात केळीचे पान. आमटी द्रोणात. पत्रावळ वाऱ्याने उडू नये म्हणून आधी मीठ-चटणी नव्हे, तर पाण्याचा तांब्या किंवा पेला टेकवून ठेवायचा, ही मोकळ्या जागेवरच्या पंगतीतली साधी युक्ती. चुलवण मांडवापासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला खणायचे. पालापाचोळ्याचे छप्पर आणि उघडा जाळ एकत्र आले तर काय होते हे प्रत्येक गावाला ठाऊक असे. लांब चर खणून त्यावर एकापुढे एक काहिली चढवल्या की एकाच जाळावर भात, डाळ आणि पाणी तापवणे उरकते. मोठी भांडी विकत कोण घेणार? ती गावकीची, देवस्थानाची किंवा जातपंचायतीची असत. मोजून न्यायची, घासून मोजून परत करायची.

हे सगळे वाचताना जुने लग्न फुकटात होत असे, असा समज होतो. तो खरा नाही. यजमानाच्या गाठीचा पैसा कमी जाई, कारण बराचसा खर्च दुसऱ्यांच्या अंगावर असे. सुतार मेढी तासून देई, कुंभार मडकी आणि वेळणी आणून देई, परीट पायघड्या घाली, न्हावी दिवटी धरी आणि निरोप पोहोचवी, गुरव पत्रावळी पुरवी, कोळी पाणी भरी. महाराने लाकडे फोडून आणायची, गावोगाव सांगावे न्यायचे, मांडवाबाहेर राबायचे आणि सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेले घ्यायचे, ही तर वतनदारीची रीतच होती. मोबदला म्हणजे सुगीचे बलुते आणि कार्यातला ठरावीक मान: एखादा नारळ, पागोटे, शिधा. घरातल्या आणि भावकीतल्या बायकांचे श्रम तर कुठल्याच हिशेबात नसत. महिनाभर आधीपासून दळण, हळकुंडे कुटणे, पापड, सांडगे, शेवया. कार्याच्या दिवसांत पहाटेपासून चुलीशी. स्वस्त अंगणातल्या लग्नाचा पाया हा होता, आणि पुढे तो निखळला म्हणूनच भाड्याच्या मंडपाचा धंदा उभा राहिला.

यजमानाचा खरा खर्च पंगतीवर, दागिन्यांवर आणि देण्याघेण्यावर होई. ‘चूलबंद’ आवतण, म्हणजे ज्या घराला बोलावले त्या घरी त्या दिवशी चूल पेटू नये, ही रीत असेल तर पोते-पोते धान्य लागणारच. त्यावर समाजाने काढलेली तोड म्हणजे आहेराची वही. कोणी किती पायल्या धान्य, किती रुपये, कोणते लुगडे दिले ते लिहून ठेवायचे आणि त्याच्या घरी कार्य निघाले की तेवढे, किंवा थोडे चढवून, परत करायचे. बिनव्याजी उसनवारीच ती; फक्त तिला आहेर म्हणायचे. ज्यांची वही अपुरी पडे त्यांना सावकाराचे दार.

शेतकरी कर्जबाजारी होतो तो लग्नापायी, हे मत एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांत आणि शहरी सुशिक्षितांत पक्के होते. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथून सुरुवात होऊन पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने हे मत तपासून पाहिले आणि लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून नको तेवढे महत्त्व दिले गेले आहे, असा निष्कर्ष काढला. ऐपतीच्या मानाने शेतकरी लग्नात जास्त खर्च करतो हे आयोगाला मान्य होते. पण असे प्रसंग आयुष्यात मोजके येतात आणि वर्षांच्या हिशेबात तो आकडा फारसा मोठा ठरत नाही, असे त्याचे म्हणणे. शेतसाऱ्याचा बोजा, पिकाचा बेभरवसा, व्याजाचे दर ही कारणे अधिक वजनाची होती. लग्नातल्या उधळपट्टीवर पुढे दीडशे वर्षे जे व्याख्यानांचे पीक आले, त्यात हा निष्कर्ष क्वचितच कोणी आठवला.

वरच्या थरात मात्र उधळपट्टी खरीच होती. १७८३ साली पुण्यात झालेले सवाई माधवराव पेशव्यांचे लग्न हा तिचा नेहमी दिला जाणारा दाखला. नाना फडणवीसांच्या देखरेखीखाली झालेल्या या समारंभात पाहुण्यांच्या उतरण्यापासून पंगतीच्या शिस्तीपर्यंत सगळ्याची आखणी झाली होती. ऐश्वर्य दाखवणे हाच तिथे राज्यकारभाराचा भाग होता, त्यामुळे काटकसरीचा प्रश्न उद्भवत नव्हता. पण खालच्या थरांनी नक्कल केली ती याचीच: वाजंत्री वाढली, दिवट्या वाढल्या, वरातीला घोडा आला.

या खर्चावर पहिला विचारपूर्वक घाव घातला तो जोतीराव फुले यांनी, आणि तो मांडवावर नव्हता. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला सीताराम जबाजी आल्हाट व राधा ग्यानोबा निंबणकर यांचे लग्न भटजीवाचून लागले. पानसुपारीपलीकडे त्यात जवळजवळ खर्च नव्हता. वधूवरांनी एकमेकांना शपथपूर्वक वचने दिली, आणि लग्न झाले. दक्षिणा, मुहूर्त, होम, चार-चार दिवसांची कर्मे हे सगळे एकाच वेळी गळाले. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये फुल्यांनी जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींतून शेतकऱ्याकडून दक्षिणा कशी उकळली जाते याचा पाढाच वाचला आहे. लग्न त्यातलेच एक. पुढे सत्यशोधक पद्धतीच्या विधींची आणि मंगलाष्टकांची पुस्तिकाही त्यांनी तयार केली. विधी तास-दोन तासांचा झाला की पाहुण्यांच्या मुक्कामाची, दोन्ही वेळच्या जेवणाची आणि मोठ्या मांडवाचीही गरज संपते. लग्न स्वस्त करायचे तर ते आधी लहान करावे लागते, हे सूत्र सत्यशोधकांनी कृतीतून दाखवले.

गाडगे महाराजांनी तेच कीर्तनातून सांगितले, पण त्यांचा रोख पंगतीवर होता. कर्ज काढून लग्न करू नका, सणावारी आणि कार्यात दारू-मटण नको, हे त्यांचे पालुपद. स्वतःच्या मुलीच्या बारशाला जातभाईंच्या अपेक्षेविरुद्ध त्यांनी गोडाचे जेवण घातले होते, ही हकीकत त्यांच्या चरित्रांत हमखास येते. तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीते’त लग्नातल्या डामडौलाचा समाचार घेतला. १९५६च्या धर्मांतरानंतर बौद्ध समाजात जी विवाहपद्धती रुजली, तिच्यात मुहूर्तालाच स्थान राहिले नाही. पांढरी वस्त्रे, बुद्ध आणि बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रतिमेपुढे मेणबत्त्या, त्रिसरण-पंचशील, वधूवरांच्या प्रतिज्ञा. वेळ आपल्या सोयीने ठरवता येऊ लागल्यावर वस्तीतल्या गल्लीत, ऊन उतरल्यावर, कामावरून माणसे परतल्यावर लग्न लावता येऊ लागले.

शहरात गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. मुंबईच्या चाळीत अंगण होते, पण ते पन्नास बिऱ्हाडांचे. लग्न सकाळी घरात किंवा कार्यालयात लावायचे आणि संध्याकाळी गच्चीवर किंवा चाळीच्या चौकात पानसुपारी, अशी विभागणी रूढ झाली. नोंदणी विवाहाला १८७२च्या कायद्याने आणि नंतर १९५४च्या विशेष विवाह कायद्याने वाट दिली; तो लावणाऱ्यांना तर नातेवाइकांना तोंड दाखवण्यासाठी वेगळा समारंभ हवाच होता. पानसुपारी म्हणजे अत्तर, गुलाबदाणी, विड्याचे तबक आणि मुंबईच्या उकाड्यात मसाला दूध किंवा पन्हे. पुढे त्याचे चहापान झाले. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे-टिळकांसह अनेकांवर ग्रामण्य, म्हणजे जातीच्या बहिष्काराचे प्रकरण, आले होते. त्यानंतर दोन पिढ्यांत त्याच चहावर सुशिक्षित घरांतली लग्ने साजरी होऊ लागली. शाळेतली बाकडी, शेजाऱ्यांच्या खुर्च्या, खांबाला टांगलेली गॅसबत्ती, एका टेबलावर पांढरी चादर आणि दोन फुलदाण्या, एवढ्यावर समारंभ होई. डोक्यावर छप्पर नसे. संध्याकाळी सहानंतर ते लागतही नसे. पुढे स्वागत समारंभ हे भारदस्त नाव आणि ‘रिसेप्शन’ हे बोलीतले नाव याच पानसुपारीला चिकटले.

जेवणावळ कापण्याचे काम सुधारकांनी अर्धेमुर्धे केले, ते पुरे केले धान्यटंचाईने. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, मुंबईत शिधावाटप सुरू झाले. स्वातंत्र्यानंतरही टंचाईच्या काळात सरकारने पाहुण्यांच्या संख्येवर नियंत्रण घालणारे आदेश काढले; ठरावीक संख्येपेक्षा जास्त माणसांना धान्याचे पदार्थ वाढणे हा गुन्हा ठरला. लोकांनी त्यातून वाट काढली ती अशी, की धान्य नसलेले पदार्थ ठेवायचे. आइस्क्रीमची वडी, बटाट्याचे वेफर्स, थंड पेयाची बाटली, फार तर पेढा. साठ-सत्तरच्या दशकांत मुंबई-पुण्यात ज्यांनी लग्नसमारंभ पाहिले त्यांच्या आठवणीत आइस्क्रीम हमखास येते, ते या कायद्यामुळे. सक्तीने आलेली ही काटकसर पुष्कळांना आवडलीही होती. हातात बशी घेऊन उभ्याने खायचे असल्यामुळे पाट, पत्रावळी, वाढपी, आचारी यांपैकी काहीच लागत नसे. पण बंधने सैल झाली तशी जेवणे परत आली, आणि ती पंगतीच्या नव्हे, बुफेच्या रूपात आली.

मधल्या काळात गावातही पाया हलला होता. १९५८च्या कायद्याने मुंबई राज्यातली कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. वतनापोटी राबण्याची सक्ती कायद्याने संपली. त्याआधीच महार समाजाने बाबासाहेबांच्या चळवळीत वतनी कामे टाकायला सुरुवात केली होती. सुतार, कुंभार, न्हावी रोख मजुरी मागू लागले किंवा शहरात गेले. तोडायला जांभळी-उंबर कमी झाले, आणि सरपणही विकतचे झाले. ज्या घराला पूर्वी वीस हात फुकट मिळत, त्याला आता प्रत्येक हाताचे पैसे मोजावे लागणार होते. अशा वेळी तालुक्याच्या गावातला मंडपवाला बांबू, कापड, सतरंज्या, खुर्च्या, भांडी आणि स्पीकर एकाच भाड्यात देऊ लागला, ते लोकांना महाग वाटले नाही. गणेशोत्सव आणि लग्नसराई या दोन हंगामांनी त्याचे वर्ष भरून निघे. डहाळ्यांच्या जागी रंगीत कापड आले, पुढे पत्रे आणि लोखंडी सांगाडे. मांडवडहाळे मात्र पुष्कळ घरांत टिकले. भाड्याच्या मंडपाच्या खांबाला जांभळीची एक फांदी बांधून रीत पुरी होते.

शहरात अंगणच गेले, म्हणून मंगल कार्यालये आली. भांडी, आचारी, गाद्या, जानवसघर सगळे एका छपराखाली; चार दिवसांचे लग्न एका दिवसावर, मग अर्ध्या दिवसावर आले. गेल्या शतकाच्या अखेरीस शहरांबाहेरच्या रस्त्यांवर ‘लॉन्स’ सुरू झाली. हिरवळ, कारंजे, व्यासपीठ आणि वर मोकळे आकाश. म्हणजे उघडे अंगणच परत आले, फक्त आता त्याला तासाच्या हिशेबाने भाडे होते.

गरिबांसाठी दुसरी वाट सामुदायिक विवाहाची. एकाच मैदानात, एकाच मंगलाष्टकांत अनेक जोडपी उभी करायची, मंडप आणि जेवणाचा खर्च वाटून घ्यायचा किंवा देणगीदाराने उचलायचा. दुष्काळी वर्षांत मराठवाडा-विदर्भात असे सोहळे वाढले, आणि राज्य सरकारनेही शेतकरी-शेतमजुरांच्या मुलींसाठी सामूहिक किंवा नोंदणीकृत विवाहाला अनुदान देणारी शुभमंगल योजना चालवली. या सोहळ्यांना एक दुखरी बाजूही आहे. देणगीदार पुढाऱ्याचे फलक जोडप्यांपेक्षा मोठे असतात, आणि कित्येक घरे तिथे अक्षता टाकून आल्यावर गावात पुन्हा जेवण घालतात, कारण आहेराची वही मिटलेली नसते.

करोनाच्या साथीत कायद्याने पुन्हा एकदा पाहुणे मोजले. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात निघालेल्या आदेशानुसार लग्नाला जास्तीत जास्त २५ माणसे आणि दोन तास, एवढीच मुभा होती. मोडल्यास ५० हजार रुपये दंड. त्या उन्हाळ्यात शेतातल्या झाडाखाली, घराच्या गच्चीवर, अंगणात लग्ने लागली, आणि छत टाकायचे कारणच कोणाला उरले नाही. निर्बंध उठल्यावर संख्या पूर्ववत झाली. उघड्यावरच्या समारंभावर आज कायमचे बंधन आहे ते वेगळेच: २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. त्यामुळे मोकळ्या जागेवर स्वागत समारंभ ठेवणारे यजमान आता पाहुण्यांना संध्याकाळी सातलाच बोलावतात.